चार पायांचा कोळी

नांदगाव पेठेपासून मोर्शी-वरूडच्या मुलखापर्यंत पसरलेल्या संत्राबागांत फळाच्या सालीवर तपकिरी, खरखरीत डाग उमटले, की बागवान त्यास ‘लाल्या’ म्हणतो. परंतु हा प्रताप बुरशीचा नसून, मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढ्या पिवळसर कोळ्याचा आहे, हे भिंगाखेरीज कोणास पटावे?

कोळी हा कीटक नव्हे. कीटकास पाय सहा, कोळ्याच्या वर्गास सामान्यतः आठ. आणि हा ‘एरिओफाइड’ कुळातील जीव तर आयुष्यभर चारच पायांवर निभावतो, सबब केवळ पाय मोजून निदान करू पाहणारा येथे हमखास फसतो. म्हणून नमुना काचपट्टीवर पारदर्शक द्रवात बसवून, पाठीच्या ढालीवरील रेषा, रोमांची स्थाने आणि पायाच्या टोकाचे पिसासारखे नखर सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहावे लागतात. काम कंटाळवाणे खरे, पण त्यास पर्याय नाही.

या जातीचे पहिले वर्णन कीटकशास्त्रज्ञ अ‍ॅशमीड यांनी फ्लोरिडातील नमुन्यांवरून 1879 मध्ये केले. पुढे कोळीतज्ज्ञ कायफर यांनी 1938 मध्ये स्थापिलेल्या ‘फायलोकॉप्ट्रुटा’ या प्रजातीत ती दाखल झाली. फेरफार झाला तरी मूळ कब्जेदाराचे नाव दप्तरात राहावे, तसे अ‍ॅशमीड यांचे नाव आजही जातीच्या शास्त्रीय नावापुढे कंसात लिहिले जाते.

निदान अचूक झाल्यास पाण्यात मिसळणारे गंधक उपयोगी पडते. ते मात्र रणरणत्या उन्हात फवारू नये, पाने होरपळतात.