नेम धरण्यापूर्वीचा पाठ

‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण मालकी हक्काचा एक संपूर्ण सिद्धान्त अवघ्या पाच शब्दांत सांगून जाते. रानातले जनावर कोणाच्याच मालकीचे नसते. जो ते प्रथम हस्तगत करील त्याचे ते होते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिका बव्हंशी याच न्यायाने चालली, आणि त्याची किंमत त्या देशाला पुरेपूर मोजावी लागली. ज्यांच्या थव्यांनी एके काळी आकाश झाकोळून जाई, त्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटचे कबुतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या विसाव्या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या घरात उतरली होती, असा अंदाज केला जातो. आज त्याच हरणांची संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. ओसाड पडलेल्या शेतांवर पुन्हा वाढलेली झाडी आणि लांडग्यांचा ऱ्हास हीही या वाढीची कारणे आहेत, हे खरे. तथापि कायदा, कर आणि शिक्षण या तीन गोष्टी मध्ये उभ्या राहिल्या नसत्या, तर पाच लाखांचे तीन कोटी होण्याऐवजी शून्य होणे अशक्य नव्हते. यांपैकी कायद्याची आणि कराची चर्चा पुष्कळ होते. तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे शिकाऱ्याला द्यावयाच्या शिक्षणाकडे, मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

परवान्याआधी परीक्षा

अमेरिकेत ज्या नवशिक्याला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करावयाची असेल, त्याने दुकानात जाऊन धनुष्य विकत घेतले म्हणजे काम भागत नाही. बहुतेक राज्यांत, ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना मिळण्यापूर्वी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्क, माँटाना, आयडाहो यांसारखी काही राज्ये याहून पुढे जातात. तेथे धनुर्धाऱ्यासाठी निराळा अभ्यासक्रम आहे, आणि पहिले प्रमाणपत्र असले तरी दुसऱ्यावाचून धनुष्याचा परवाना मिळत नाही. एका राज्याचे प्रमाणपत्र दुसरे राज्य सामान्यतः मान्य करते. त्यामुळे एकदा शिकलेला पाठ जन्मभर उपयोगी पडतो.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली केवळ धनुष्यबाणासाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम प्रथम खुला केला. केंटकी राज्यात १९४६ साली शिकारी-शिक्षणाचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू झाला, आणि १९४९ साली न्यूयॉर्कने असे शिक्षण कायद्याने सक्तीचे करण्याचा पायंडा पाडला. पुढील तीन-चार दशकांत एकेक राज्य त्या वाटेने गेले. धनुर्धाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रतिष्ठान १९७९ साली स्थापन झाले. साध्या सावधगिरीच्या सूचनांपासून आरंभ झालेल्या या प्रयत्नाला आज एका व्यवस्थित विद्याशाखेचे रूप आले आहे.

बाणाची निराळी नीती

धनुर्धाऱ्याला वेगळे शिक्षण कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर शस्त्राच्या स्वरूपात आहे. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाणाचे धारदार पाते रक्तस्रावाने मारते. बाण हृदय किंवा फुप्फुसे भेदून गेला तर जनावर काही क्षणांत कोसळते. तोच वीतभर मागे, पोटात लागला, तर ते कित्येक तास वेदना भोगीत दूर कोठे तरी जाऊन मरते, आणि पुष्कळदा कोणाला सापडतही नाही. म्हणून जनावराच्या शरीराची रचना हा या अभ्यासक्रमाचा गाभा ठरतो. हरीण पूर्ण आडवे उभे असेल, किंवा किंचित पाठमोरे तिरपे असेल, तरच बाण सोडावा. ते समोर तोंड करून उभे असेल किंवा सरळ पाठमोरे असेल तर हात आवरावा, असे येथे परोपरीने शिकविले जाते.

अंतराचाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. आधुनिक चाकांच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे २८० फूट वेगाने जातो. ध्वनी जातो सुमारे ११०० फूट वेगाने. म्हणजे ३० वारांवर उभ्या असलेल्या हरणाला दोरीचा टणत्कार सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यातच ऐकू जातो, तर बाण पोहोचावयास सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या अवधीत बिथरलेले हरीण उसळी घेण्यासाठी खाली दबते, आणि अचूक धरलेला नेमही चुकतो. याचा अर्थ असा की, मैदानातील लक्ष्यावर ६० वारांवरून बाण मारू शकणाऱ्याने रानात मात्र त्याच्या निम्म्या अंतरावर समाधान मानले पाहिजे. आपल्या कौशल्याची सीमा स्वतःच आखून घेणे, हा या शिक्षणातील कदाचित सर्वांत अवघड धडा होय.

बाण सुटल्यानंतरही कर्तव्य संपत नाही. घाव वर्मी लागला असे वाटले तरी निदान अर्धा तास जागेवरून हलू नये, पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबावे, आणि मग रक्ताचा माग काढीत जनावर सापडेपर्यंत शोध सोडू नये, असा दंडक आहे. घाईने पाठलाग केल्यास जखमी जनावर उठून पळत सुटते व हाती लागत नाही. याखेरीज झाडावरील मचाणाचा पाठ असतो. धनुर्धाऱ्यांना होणाऱ्या गंभीर इजांमध्ये मचाणावरून पडणे हे प्रमुख कारण आहे. म्हणून सर्वांगाला बांधावयाचा सुरक्षा-पट्टा जमिनीवर असतानाच चढवावा, चढताना दोन हात व दोन पाय यांपैकी तीन सतत टेकलेले असावेत, आणि धनुष्य व पाती झाकलेला भाता नंतर दोरीने वर ओढून घ्यावा, हे प्रत्यक्ष करवून घेतले जाते.

दशरथ आणि अर्जुन

हे सारे नियम परके वाटण्याचे कारण नाही. घागर भरण्याचा आवाज ऐकून, जनावर पाणी पीत आहे अशा समजुतीने दशरथाने शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावणाचा बळी घेतला. लक्ष्य डोळ्यांनी निश्चित ओळखल्याशिवाय बाण सोडू नये, हा शिकारी-शिक्षणातील पहिला नियम मोडल्याचे याहून हृदयद्रावक उदाहरण जगाच्या वाङ्मयात शोधूनही सापडणार नाही. दशरथाच्या नेमात उणीव नव्हती. उणीव होती ती खात्रीची.

अर्जुनाची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. पक्ष्याच्या डोळ्यावाचून आपल्याला काहीच दिसत नाही, असे सांगणारा शिष्य द्रोणाचार्यांच्या परीक्षेत पहिला आला. शिकारी-शिक्षणाच्या परीक्षेत मात्र तो अनुत्तीर्ण ठरला असता. येथे परीक्षक विचारतो ते नेमके उलट: लक्ष्याच्या मागे काय आहे? बाजूच्या झुडपात कोणी माणूस आहे काय? मध्ये एखादी फांदी आहे काय? ही जमीन कोणाची, आणि तिच्या मालकाची परवानगी घेतली आहे काय? एकाग्रता हा योद्ध्याचा गुण असेल. पण ज्या रानात इतरही माणसे वावरतात तेथे शस्त्र घेऊन जाणाऱ्याला अवधानाची आवश्यकता अधिक आहे.

देखरेखीचे अर्थशास्त्र

या शिक्षणामागील आर्थिक तर्क समजून घेण्यासारखा आहे. रान ही सामाईक संपत्ती आहे. सामाईक संपत्तीचा उपभोग घेणाऱ्यावर देखरेख ठेवणे हे खर्चाचे काम असते, आणि शिकारीच्या बाबतीत तर ते जवळजवळ अशक्यच असते. पहाटेच्या अंधूक प्रकाशात, निर्मनुष्य रानात, मचाणावर बसलेल्या धनुर्धाऱ्याने बाण सोडावा की सोडू नये, हे पाहावयास तेथे कोणी निरीक्षक नसतो. जखमी होऊन निसटलेल्या हरणाची फिर्याद कोठे नोंदली जात नाही. जेथे दंडाचे भय पोहोचू शकत नाही, तेथे दोनच मार्ग उरतात: ते कृत्य सर्वस्वी बंद करणे, किंवा करणाऱ्याच्या विवेकात आधीच गुंतवणूक करणे. भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने मुख्यतः पहिला मार्ग पत्करला; येथील परिस्थितीत तोच योग्य होता. अमेरिकेने दुसरा पत्करला.

या गुंतवणुकीला पैसा कोठून येतो, हेही पाहिले पाहिजे. सिनेटर पिटमन आणि प्रतिनिधी रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९३७ साली झाला. त्यान्वये बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के उत्पादन शुल्क वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राखून ठेवण्यात आले. राज्यांना हा पैसा हवा असेल तर परवान्यांचे उत्पन्न त्यांनी दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळवू नये, अशी अट त्यात घालण्यात आली. १९७० च्या दशकाच्या आरंभी पिस्तुले आणि धनुष्यबाण हेही कराच्या कक्षेत आले, व त्या उत्पन्नाचा काही भाग शिकारी-शिक्षणासाठी उपलब्ध झाला. खर्चाचा तीन-चतुर्थांशापर्यंतचा वाटा केंद्राकडून येतो, उरलेला राज्याने उचलावयाचा असतो. येथे एक मोठी अर्थपूर्ण तरतूद आहे. विनामूल्य शिकविणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकांच्या तासांचे मूल्य राज्याच्या वाट्यात धरता येते. एखाद्या गावातील अनुभवी धनुर्धारी शनिवार-रविवार खर्चून मुलांना शिकवितो, तेव्हा त्याचे श्रम सरकारी हिशेबात पैसा म्हणून जमा होतात.

सवलतींचा मोह

ही व्यवस्था आज मात्र कसोटीला लागली आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार २०११ साली अमेरिकेत सोळा वर्षांवरील शिकाऱ्यांची संख्या १ कोटी ३७ लाख होती. २०१६ साली ती १ कोटी १५ लाखांवर आली. शिकारी घटला की परवान्याचे उत्पन्न घटते, आणि त्याबरोबर वन्यजीव खात्यांचा आधारही. कराचा पैसा वाढत असला तरी तो बव्हंशी अशा लोकांकडून येतो की, जे बंदूक घेतात पण रानात पाऊल टाकीत नाहीत. ‘उपभोग घेणाऱ्याने किंमत द्यावी’ हे मूळ तत्त्व अशा रीतीने विरत चालले आहे.

साहजिकच नवे शिकारी आकर्षित करण्यासाठी वाट सोपी करण्याचा मोह राज्यांना पडतो. अनेक राज्यांनी उमेदवारीचे परवाने सुरू केले आहेत. त्यांत अनुभवी माणसाच्या सोबतीने, प्रमाणपत्राविनाही शिकार करता येते. २०२० च्या महामारीत वर्ग बंद पडले तेव्हा अनेक ठिकाणी संपूर्ण अभ्यासक्रम संगणकावर पुरा करण्याची मुभा मिळाली, आणि ही सोय सर्वत्र मागे घेतली गेली नाही. उमेदवारीत निदान जाणत्या माणसाची सोबत तरी असते. पडद्यासमोर एकट्याने प्रश्नांची उत्तरे निवडून मिळविलेल्या प्रमाणपत्रात तेवढेही नसते. बाण कोठे लागावा हे चित्रावर दाखविता येईल. सुरक्षा-पट्टा अंगावर कसा बसतो आणि चौथ्या पायरीवर पाय कसा कापतो, हे चित्र शिकवीत नाही.

अडचण केवळ पैशाची नाही, संदिग्ध कायद्याचीही आहे. २०२२ साली झालेल्या एका सुरक्षाविषयक कायद्यातील शब्दयोजनेमुळे शाळांतील धनुर्विद्या व शिकारी-शिक्षण यांना केंद्रीय शिक्षण-निधी देता येणार नाही, असा अर्थ तेथील शिक्षण खात्याने लावला. शस्त्र कसे चालवावे याचे शिक्षण, आणि शस्त्र केव्हा चालवू नये याचे शिक्षण, यांतील भेद त्या शब्दांत हरवला होता. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्ती करावी लागली. एरवी प्रत्येक प्रश्नावर दुभंगणाऱ्या प्रतिनिधिगृहात ती ४२४ विरुद्ध १ मतांनी संमत झाली.

या एकमताचा अर्थ राज्यांनी नीट ध्यानात घ्यावयास हवा. शिक्षणाची अट ही शिकारीच्या मार्गातील धोंड नव्हे. तीच समाजाच्या दृष्टीने शिकारीचे एकमेव समर्थन आहे. ज्या दिवशी परवाना केवळ शुल्क भरून मिळू लागेल, त्या दिवशी ‘ज्याच्या हाती ससा’ हाच न्याय पुन्हा प्रस्थापित होईल. प्रात्यक्षिकाचा एक दिवस वाचवून परवान्यांची संख्या थोडी वाढेलही. पण त्याचा खर्च रानात सडणाऱ्या जनावरांच्या आणि मचाणाखाली पडलेल्या माणसांच्या रूपाने वसूल होईल. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे. उत्तम धनुर्धारी कोण, याचा निकाल त्याने किती बाण सोडले यावर लावणे सोपे आहे. शिकारी-शिक्षण मात्र तो निकाल न सोडलेल्या बाणांवर लावते. आणि त्यांची मोजदाद त्याच्या स्वतःच्या मनाखेरीज दुसरे कोणीही करू शकत नाही.