कर्नाळ्याचा लिंगोबा आणि दौंडचे डॉक्टर

उरण तालुक्यात चिरनेरकडे गेलं की पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. त्याच्या कातळाला आग्या माश्यांची पोळी लटकतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मधला ठाकर आदिवासींचा लिंगोबा तो हाच. या कादंबरीवर १९७७ साली चित्रपट काढला डॉ. जब्बार पटेल यांनी.

पटेल मूळचे पंढरपूरचे, जन्म १९४२. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकून ते लहान मुलांचे डॉक्टर झाले, दौंडला दवाखाना थाटला आणि नाटकाचं वेड मात्र सोडलं नाही. १९७२ साली त्यांनी तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं. त्यात ओळीनं उभे राहिलेले ब्राह्मणच पडदा होतात, क्षणात पांगून पुण्याची गर्दी होतात. ‘जैत रे जैत’ बघताना हाच हात ओळखू येतो. ढोलावर नाचणारा ठाकरांचा मेळा गोष्ट सांगत जातो आणि ना. धों. महानोरांची गाणी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर कथानक पुढं ढकलतात. राणीमाशी डसून भगताच्या नाग्याचा (मोहन आगाशे) डोळा जातो, तेव्हा तो थेट देवाच्या डोंगरावरच उलटतो. नवऱ्याला न जुमानणारी चिंधी (स्मिता पाटील) त्याच्या पाठीशी उभी राहते. पोळी झडतात, पण चिंधी जिवानिशी जाते.

एक गोष्ट मात्र खटकते. याच चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला; इथल्या माणसाला रान म्हटलं की सरकारी बंदीही आठवते. ‘सामना’मध्ये साखर कारखान्याच्या मालकीचं राजकारण उघडं पाडणारा आणि पुढं ‘सिंहासन’मध्ये (१९७९) मंत्रालयाच्या आतल्या खोल्या दाखवणारा दिग्दर्शक डोंगरात आला की ते राजकारण पायथ्याशीच ठेवून येतो. त्याचे ठाकर जरा जास्तच देखणे आहेत. अर्थात नाग्याचं भांडण देवाशी आहे, जंगलखात्याशी नाही, असंही कुणी म्हणेल. गाणी सुरू झाली की मलाही ते पटतं.

स्मिता पाटील मात्र पटेलांना पुन्हा लागल्याच. ‘उंबरठा’मध्ये (१९८२) सुधारगृहाच्या अधीक्षक झालेल्या सुलभाच्या वाट्याला लिंगोबा नाही; तिच्यासमोर फायली, संचालक मंडळ आणि घरचे.