फंड काढला, पेन्शन गेली

कंपनी बदलली किंवा बंद पडली की घरात पहिला विषय निघतो तो फंडाचा. थकलेला हप्ता असतो, मुलीचं लग्न असतं, गावाकडच्या घराचं छप्पर असतं. पैसे काढायला दोन अर्ज भरले जातात, 19 नंबरचा आणि 10-सी. पहिल्या अर्जाने भविष्य निर्वाह निधी हातात येतो. दुसऱ्याने काय हातचं गेलं, ते पुष्कळांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळतं.

पगारातून आपले 12 टक्के कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. मात्र मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के फंडात न जाता 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. इथे साठलेल्या रकमेपेक्षा सेवेची वर्षं मोलाची. शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं, की महिन्याची पेन्शन निघते. सप्टेंबर 2014 पासून या हिशेबात पगार साधारणपणे 15,000 रुपयांपर्यंतच धरला जातो. सेवा दहा वर्षांची भरली नाही, तर पेन्शन नाही.

समजा, 2015 साली चौतिसाव्या वर्षी एक कामगार चाकणला 15,000 पगारावर लागला. एका कंपनीत 7 वर्षं, दुसरीत 8, तिसरीत 9. प्रत्येक वेळी त्याने 10-सी भरून पेन्शनचे पैसे उचलले, तर 24 वर्षं राबूनही त्याच्या नावावर एक रुपयाची पेन्शन उरणार नाही, कारण कुठलाच तुकडा दहा वर्षांचा नाही. हीच सेवा जोडत नेली, तर 24 वर्षं धरली जातील आणि वीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल आणखी 2 मिळतील. 15,000 गुणिले 26 भागिले 70 म्हणजे महिन्याला सुमारे 5,571 रुपये, तहहयात. तो गेला तर त्यातली निम्मी त्याच्या बायकोला.

यात दोष कामगाराच्या उधळेपणाचा आहे, असं मला वाटत नाही. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी या दोन अमेरिकी संशोधकांनी 2001 मध्ये एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे निवृत्तीच्या बचत योजनेत नाव घालणं आधी कर्मचाऱ्याच्या मर्जीवर होतं. 1998 पासून नव्या माणसाचं नाव आपोआप घातलं जाऊ लागलं; नको असेल त्याने काढून घ्यावं. आपोआप आलेल्यांपैकी 86 टक्के योजनेत राहिले. नाव स्वतः घालावं लागे त्यांच्यात, तेवढ्याच काळाच्या नोकरीनंतर, हे प्रमाण 49 टक्के होतं. लोक तेच, योजना तीच. फरक पडला तो काहीच न केल्यास काय घडतं याने.

आपल्याकडे 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने ही पहिली पायरी चांगली बांधली. योजनेत येताना कामगाराला काही ठरवावं लागत नाही. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. नोकरी सुटते त्या दिवशी, हात सर्वांत रिकामा असताना, तो एकटा पडतो, आणि म्हातारपणाचा निर्णय अर्जावरच्या एका खुणेवर होऊन जातो. सेवा पुढे जोडली जाणं आपोआप व्हावं आणि पैसे काढण्यासाठी वेगळं सांगावं लागावं, अशी रचना हवी.

किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे आणि तिला महागाई भत्त्याची जोड नाही. ही रक्कम लाज वाटावी इतकी कमी आहे. पण म्हणून मिळते तीही सोडून देणं परवडणारं नाही.

नोकरी बदलताना जुनं खातं त्याच यूएएनवर, म्हणजे फंडाच्या कायम खाते क्रमांकावर, नव्या कंपनीत वळवून घ्या. पुढची नोकरी लागलेली नसेल आणि सेवा दहा वर्षांच्या आत असेल, तर 10-सी अर्जातच पैशांऐवजी झालेली सेवा नोंदवून ठेवणारं योजना प्रमाणपत्र मागता येतं. ते मागा, आणि जपून ठेवा.