आंब्यावर करवत : कुर्डुवाडी परिसरातल्या तीन दशकांचा मागोवा

1990 साली राज्य सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि सोलापूर जिल्ह्याच्या माळरानांवर बोर-डाळिंबांसोबत आंब्याची कलमं उभी राहिली. कुर्डुवाडीच्या आसपास, माढा तालुक्यात, तोवर आंबा म्हणजे बांधावरचा नाहीतर विहिरीकाठचा गावरान. नवी कलमं दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी 100.

वाढत्या वयाबरोबर अशा बागेत फांद्या एकमेकींत शिरतात. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या शेंड्याला येतो आणि सावलीतली काडी वांझ राहते. फळ उंच जातं, फवारा पोचत नाही, तुडतुडे माजतात.

खरं तर छाटणी इथल्या हातांना नवी नव्हती. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, बोरीची दर उन्हाळ्यात. तोच शेतकरी आंब्यापाशी मात्र थबकत आला. त्याला कारण होतं. द्राक्षाचे पैसे काही महिन्यांत हाती येतात. जुना आंबा खोलवर छाटला की दोन-तीन हंगाम हात रिकामे. शिवाय झाड वडिलांनी लावलेलं, भावाभावांत वाटून घेतलेलं.

2005-06 पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानानं जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाला अनुदान दिलं. लखनौजवळच्या रहमानखेड्याच्या केंद्रीय फलोत्पादन संस्थेनं रीत आधीच घालून दिली होती: हिवाळ्यात झाड जमिनीपासून तीन-चार मीटरवर छाटायचं, कापाला बोर्डो पेस्ट लावायची, फुटव्यांची विरळणी करून बाहेरच्या बाजूचे जोमदार तेवढे राखायचे. पुढची राखणही तितकीच महत्त्वाची. उघड्या पडलेल्या खोडाची साल सोलापुरी उन्हानं भाजते आणि खोडकिड्याला वाट मिळते.

जुनं झाड सावरण्याच्या या खटाटोपातूनच दुसरा विचार रुजला: झाड म्हातारं होऊच द्यायचं नाही. केशर आंब्याच्या घन म्हणजे दाट लागवडीत फळ उतरलं की जूनमध्येच हलकी छाटणी उरकतात, म्हणजे नवी पालवी थंडीपर्यंत पक्व होऊन मोहोराला तयार होते.

जुन्या बागांचं काम अजून संपलेलं नाही. सगळी बाग एकदम न छाटता दरवर्षी तिसरा हिस्सा घेतला, तर घरात थोडा आंबा येत राहतो. सरकारी मदतही छाटणीच्या दिवसापुरती न राहता फळ येईपर्यंतच्या वर्षांसाठी हवी. करवत चालवायचं धाडस शेतकऱ्यात आहे. त्याला ती वर्षं पेलण्याचं बळ मिळालं पाहिजे.