पुणे–न्यूयॉर्क बैठकीची वेळ कशी काढतात

पुण्यातल्या आणि न्यूयॉर्कमधल्या माणसांची बैठक ठरवताना दोन्हीकडच्या वेळा आधी एका समान मापात आणाव्या लागतात. हे माप म्हणजे यूटीसी, अर्थात समन्वित जागतिक वेळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने ही वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असते. उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे केली जातात, तेव्हा ते चार तास मागे राहते. म्हणून पुणे आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो.

समजा, १५ जानेवारी २०२६ रोजी पुण्यात संध्याकाळी साडेसहाला बैठक आहे. चोवीस तासांच्या घड्याळात ही वेळ १८:३० होते. त्यातून साडेपाच तास वजा केले की यूटीसी १३:०० मिळते आणि आणखी पाच तास वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे ८ वाजतात. १५ जुलैला हाच हिशेब ९ वर येतो.

उत्तर शून्याखाली किंवा चोवीसच्या वर गेले, तर तारीखही बदलते. हिवाळ्यात यूटीसीच्या आठ तास मागे असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारी संध्याकाळचे ६, म्हणजे १८:००, वाजलेले असताना बेरीज २६:०० होते. म्हणजेच यूटीसीप्रमाणे मंगळवारचे पहाटेचे २. पुण्यात तेव्हा मंगळवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात.

सर्वाधिक घोटाळे मार्च आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये होतात. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. युरोपात हे बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च या काळात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला फरक पाचऐवजी चारच तासांचा राहतो. भारतात घड्याळ वर्षभर हलत नाही. त्यामुळे बदल समोरच्याकडे झाला, तरी पुणेकराच्या संध्याकाळचे वेळापत्रक मात्र सरकते.

दर आठवड्याच्या बैठकीत हे ठळकपणे दिसते. कॅलेंडरमध्ये अशी बैठक सहसा एका ठरावीक शहराच्या वेळेशी बांधलेली असते. ती न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ला बांधली असेल, तर मार्चमध्ये पुण्यात साडेसातऐवजी साडेसहाला सुरू होते. पुण्याच्या साडेसातला बांधली असेल, तर तिकडचे ९ चे १० होतात.

वेळ निवडताना भार कोणावर पडतो, हेही पाहायला हवे. न्यूयॉर्कचे ९ ते ५ हे कार्यालयीन तास हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन असे येतात. दोघांचा कामाचा दिवस जुळतच नाही, तेव्हा एकाला लवकर उठावे लागते किंवा दुसऱ्याला उशिरापर्यंत बसावे लागते. दर वेळी एकाच बाजूची रात्र खर्ची पडू नये, म्हणून वेळ आळीपाळीने बदलणे न्याय्य ठरते.

निमंत्रणात वार, तारीख, दोन्ही शहरांची नावे आणि दोन्हीकडच्या वेळा लिहाव्यात. नुसते ‘आयएसटी’ पुरत नाही. भारताप्रमाणेच आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेसाठीही ही अक्षरे वापरली जातात.