पित्ताच्या गोळ्यांनी न हटणारे दुखणे

शिरूर असो वा दौंड, दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काही ठराविक प्रश्न विचारतात. भूक लागते का, झोप येते का, तंबाखू खाता का, दारू घेता का? "पैसे लावून खेळता का?" हे मात्र सहसा विचारले जात नाही.

रुग्ण तरी आपणहून कशाला सांगेल? तो येतो पित्त, डोकेदुखी, छातीतील धडधड घेऊन. गोळ्या सुरू होतात, पण गुण येत नाही. उसाचे बिल किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यातला पगार घरी पोहोचलाच नाही, ही खरी गोष्ट केसपेपरवर येतच नाही.

जुगार म्हटले की आपल्याला मटका आठवतो. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला हा आकड्यांचा खेळ पुढे गावोगाव पोहोचला. मग खिशातल्या मोबाइलवर रमी आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला खरा, पण एकदा ओढ लागलेला माणूस दुसरी वाट शोधतो.

ही नुसती वाईट खोड नव्हे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्येच तिची आजारांच्या यादीत नोंद केली आणि २०१३ मध्ये तिला दारूच्या व्यसनाच्या पंगतीत बसवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही हा आजार आहे.

तो हेरण्यासाठी १९९७ पासून दोनच प्रश्नांची एक चाचणी आहे. दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावी असे कधी वाटले का? किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर आजार आहेच असे नव्हे. पण पुढची सविस्तर तपासणी हवी. यास ना सुई लागते, ना खर्च.

मात्र विचारण्याची रीत सांभाळावी लागते. बायको किंवा वडील शेजारी बसले असताना खरे उत्तर कसे मिळणार? त्यांना दोन मिनिटे बाहेर बसवावे. 'जुगार' शब्दाने माणूस बिचकतो. पत्ते, आकडा, मोबाइलवरचा खेळ अशी नावे घेऊन विचारावे. कर्ज किती झाले आणि जीव नकोसा वाटतो का, हेही विचारलेच पाहिजे. असे विचारल्याने आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कंपवातावरील काही औषधांमुळेही एखाद्याला अचानक जुगाराची ओढ लागू शकते. तसे दिसल्यास गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवावे.

उपचारात समुपदेशनावर भर असतो. मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. संकोच वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. घरच्यांनी रोख रक्कम हाती देऊन कर्ज फेडायला सांगू नये. पैसे थेट सावकाराकडे किंवा बँकेत भरावेत आणि एटीएम कार्ड काही महिने दुसऱ्या कोणाकडे, रुग्णाला सांगूनच, ठेवावे.