वर चामडे, तळाशी रबर : टिकाऊ बुटाची पारख व निगा

‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. क्षुद्रास फाजील मान देऊ नये, एवढाच तिचा आशय. परंतु तिच्यायोगे वहाण ही वस्तूच विचार करण्यास अपात्र आहे, असा समज आपल्या मनात नकळत रुजला आहे. बैलाचे खूर झिजतील म्हणून शेतकरी त्यास वेळच्या वेळी पत्र्या मारून घेतो. स्वतः मात्र आषाढातील चिखलात, काट्याकुट्यांत व रात्रीच्या अंधारात अनवाणी किंवा फाटकी चप्पल अडकवून हिंडतो. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्याच्या नोकरीत पीकपाहणीच्या व पंचनाम्यांच्या निमित्ताने अनेक पावसाळे बांध तुडविले. चिखल्यांनी कुजलेली बोटे, बाभळीचा काटा मोडून चिघळलेल्या टाचा आणि सर्पदंशाने कर्ता पुरुष गमावलेली घरे त्याने इतकी पाहिली की, पादत्राणाची गणना शेतीच्या अवजारांतच केली पाहिजे, असे त्याचे ठाम मत झाले आहे.

अवजार म्हटले म्हणजे त्याची पारख आली, किमतीचा हिशेब आला आणि निगाही आली. या तिन्ही गोष्टी नीट समजण्यास एका परदेशी शिकारी बुटाचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो प्रथम सांगून मग आपल्या शेताकडे वळू.

बुटाची जन्मकथा

अमेरिकेच्या ईशान्य टोकास मेन नावाचे राज्य आहे. दाट अरण्ये, सरोवरे व दलदल यांनी ते भरलेले असून तेथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या दिवसांत पाऊस व बर्फ यांमुळे रानातील जमीन सदैव ओली असते. या राज्यातील फ्रीपोर्ट गावी लिऑन लिओनवुड बीन (१८७२–१९६७) या नावाचा एक कापडचोपडाचा दुकानदार राहत असे. त्यास शिकारीचा मोठा नाद. १९११ साली असाच शिकारीहून परतताना त्याचे पाय पाण्याने भिजून गारठून गेले. सबंध चामड्याचा बूट पाणी पितो व जड होतो. सबंध रबराचा बूट पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही व घोट्याशी नीट वाकत नाही. तेव्हा जेथे पाणी लागते तेथे रबर आणि जेथे पाय वाकतो तेथे चामडे, असा दोहोंचा संयोग त्याने योजिला. गावातील एका चर्मकाराकडून रबरी तळास मऊ चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला, आणि हा बूट त्याच्या पसंतीस उतरला.

१९१२ साली त्याने हा धंदा टपालाने सुरू केला. मेनमध्ये शिकारीचा परवाना काढणाऱ्या परराज्यांतील लोकांची यादी मिळवून त्यांस त्याने जाहिरातीची पत्रके धाडिली, आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत करण्याचे वचन दिले. पहिले १०० जोड विकले गेले. परंतु त्यांपैकी ९० जोड परत आले! रबरास टाके धरवेनात व शिवणीजवळ तळ फाटून चामड्यापासून सुटू लागला. दुसरा एखादा दुकानदार असता तर त्याने गिऱ्हाइकांवरच दोष ढकलून हात झटकले असते. बीनने प्रत्येकाचे पैसे परत केले, पुन्हा कर्ज काढले, नामांकित रबर कंपनीकडून अधिक मजबूत तळ करवून घेतले व नवे जोड विकावयास काढले. पुढे १९१३ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेच्या टपाल खात्याने पार्सले पोहोचविण्याची व्यवस्था सुरू केली, तिचाही त्यास मोठा लाभ झाला. आज शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याची पेढी तोच बूट मेन राज्यातच तयार करीत आहे.

रचनेतील मर्म

कच्चे रबर उन्हात चिकट होते व थंडीत कडक पडते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने त्यात गंधक मिसळून उष्णता देण्याची युक्ती शोधून काढिली, तेव्हापासून रबर चिवट व लवचिक राहू लागले. अशा रबराचा एकसंध साचा पावलास चवड्यापासून टाचेपर्यंत वेढतो. म्हणजे डबक्यात पाय पडला तरी पाण्यास शिरण्यास तेथे सांधाच नसतो. त्याच्यावर घोटा व पिंढरी झाकणारे चामडे असते. चामड्यातून घामाची वाफ काही अंशी बाहेर जाते आणि ते पायाच्या वळणाप्रमाणे हळूहळू बसते. तळाच्या आत पोलादाची एक पट्टी घातलेली असते, तिच्यायोगे दगडधोंड्यांवर पावलाच्या कमानीस आधार मिळतो. हा बूट घोट्यास पुरेल अशा ६ इंचांपासून पिंढरी झाकणाऱ्या १६ इंचांपर्यंत निरनिराळ्या उंचीचा मिळतो.

या बुटाचा प्राण मात्र दोन पदार्थांच्या सांध्यात आहे. पहिले ९० जोड सांध्यापाशीच फुटले, म्हणून आज त्या ठिकाणी टाक्यांच्या तीन ओळी घालतात. यावरून घेण्याचा धडा हा की, कोणत्याही वस्तूची परीक्षा तिच्या सर्वांत भक्कम भागावरून न करता सर्वांत दुबळ्या भागावरून करावी. नांगर घेताना आपण फाळ बघतोच, पण खरा अनुभवी शेतकरी हळीसही हलवून पाहतो. तोच न्याय येथे लागू आहे.

दुसरे मर्म दुरुस्तीचे. रबर झिजते, चामडे त्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. म्हणून झिजलेला तळ उसवून जुन्या चामड्यास नवा तळ शिवून देण्याची सोय त्या पेढीने ठेविली आहे. जी वस्तू उसवून पुन्हा शिवता येते, तिचे आयुष्य तिच्या एका भागाच्या आयुष्याएवढे राहत नाही. टिकाऊपणा म्हणजे मुळीच न झिजणे नव्हे, तर झिजल्यावर सुधारता येणे होय.

हमी आणि गिऱ्हाईक

पैसे परत करण्याचे वचन या पेढीने अनेक दशके पाळिले. परंतु काही लोक जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळालेला माल आणून त्याचे पैसे मागू लागले, वर्षानुवर्षे वापरून झिजविलेले बूट नव्याने बदलून घेऊ लागले. अखेर २०१८ च्या फेब्रुवारीत पेढीने परतीची मुदत खरेदीपासून एक वर्षावर आणिली आणि खरेदीचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. हमी ही दोन्ही बाजूंच्या प्रामाणिकपणावर उभी असते; गिऱ्हाइकाने नीती सोडली की दुकानदाराचे औदार्यही आटते. म्हणून आपणही कोठेही बूट घेतला तरी पक्की पावती मागून ती जपून ठेवावी. पावती नसलेल्या मालाची तक्रार आणि सातबाऱ्यावर नोंद नसलेला हक्क, दोहोंची गत सारखीच.

खरेदी करताना

दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात, म्हणून बूट सायंकाळी घ्यावा. शेतात जे मोजे वापरावयाचे तेच पायात घालून माप पाहावे. वर सांगितलेला शिकारी बूट घेताना पातळ मोज्यांसाठी नेहमीपेक्षा एक माप लहान व जाड लोकरी मोज्यांसाठी नेहमीचे माप निवडण्याचा प्रघात आहे. दोन्ही पायांत जोड घालून दुकानात चालावे; अंगठ्यापुढे मोकळी जागा असावी आणि टाच वर उचलली जाऊ नये. एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असणे स्वाभाविक आहे; तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे.

त्यानंतर तळ दोन्ही हातांनी वाकवावा; रबर परत सरळ झाले पाहिजे व त्यावर बारीक भेगा दिसता कामा नयेत. बाजारात गमबूट म्हणून जे विकले जातात, त्यांतील पुष्कळसे रबराचे नसून पी.व्ही.सी. या प्लॅस्टिकचे असतात. ते स्वस्त असतात व पाण्यास चालतात, परंतु त्यांस रबराचा भाव देऊ नये. चामड्याची कापलेली कड निरखावी; वरून गुळगुळीत रंगाचा थर व आत भुसभुशीत तंतू असतील तर ते अव्वल चामडे नव्हे. टाके सारख्या अंतरावर व घट्ट असावेत. घरी आणल्यावर नवा जोड सांध्यापर्यंत बादलीतील पाण्यात उभा धरून पाहावा. आत ओल आली तर मुदतीतच परत करावा.

आता किमतीचा हिशेब. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, ५०० रुपयांचा जोड एका पावसाळ्यात निकामी होतो. तर आठ वर्षांत ४,००० रुपये गेले. दुसरा जोड २,५०० रुपयांस पडला आणि चौथ्या वर्षी ७०० रुपये देऊन त्याचा तळ बदलला, तर आठ वर्षांत ३,२०० रुपयेच लागले. मात्र जो महाग जोड दुरुस्त होत नाही आणि दोन वर्षांत टाकावा लागतो, तो केवळ महाग आहे, टिकाऊ नव्हे. म्हणून भाव विचारण्यापूर्वी ‘याचा तळ बदलून मिळतो काय?’ हा प्रश्न विचारावा.

निगा

चिखल वाळण्यापूर्वीच ओल्या फडक्याने पुसून काढावा. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात कधीही वाळवू नये. त्याने चामडे तडकते व रबर लवकर खराब होते. आत जुनी वर्तमानपत्रे कोंबून सावलीत व वाऱ्यावर ठेवावा. चामड्यास महिन्याकाठी थोडे मेण किंवा चामड्याचे तेल चोळावे, पण ते रबरास लागू देऊ नये. रॉकेल, डिझेल, यंत्राचे तेल यांनी रबर फुगते व मऊ पडते; ते लागल्यास तत्काळ साबणाने धुवावे. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, ती कोरड्या फडक्याने पुसून बूट हवेवर ठेवावा. उन्हाळ्यात तो अंधाऱ्या व थंड जागी, उंदरांपासून दूर ठेवावा. आणि पायात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी उपडा करून झटकावा. विंचवास अशी जागा फार प्रिय असते. मोजे रोज धुतलेले असावेत, नाहीतर चिखल्यांपासून पाय वाचविण्यास घेतलेला बूटच चिखल्यांचे घर होईल.

आपल्या शेतीत उपयोग

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला असल्याने या बुटाचा ‘शिकारी’ हा उपयोग आपणांस नाही. परंतु ओल्या रानातून चालणे आपणांसही चुकलेले नाही. आपली कोल्हापुरी वहाण उत्कृष्ट खरी. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले तिचे चामडे उन्हाळ्यात पायास सुख देते, पण पाणी तिला सोसत नाही. म्हणून पावसाळ्यातील पायांचा प्रश्न निराळाच राहतो.

उसास रात्रीचे दारे धरणे, गवत कापणे, बांधावरून फिरणे, या कामांत घोटा व नडगी झाकणारा बूट फार मोलाचा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० आणि त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. दंश बहुधा पायासच होतो. बुटाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून हाती विजेरी व काठी असावीच, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठावे. कोकणातील भातखाचरांत जखमी त्वचेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंपासूनही झाकलेला पाय अधिक सुरक्षित असतो.

परंतु दोन कामांस हा बूट उपयोगी नाही. भातलावणीच्या खोल चिखलात तो रुतून बसतो व वरून पाणी आत शिरते. दुसरे, औषधफवारणीच्या वेळी चामड्याचा बूट मुळीच घालू नये. चामडे विष शोषून घेते व ते धुऊन जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नये. त्या कामास सबंध रबरी वा प्लॅस्टिकचा गमबूटच वापरावा व विजारीचे पाय त्याच्या बाहेर सोडावेत. अमुक बूट सर्वोत्तम असे काही नसते. कामास योग्य तो उत्तम.

परदेशाहून जोड मागविण्याचा खर्च प्रत्येकास झेपणारा नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. फ्रीपोर्टच्या दुकानदाराने पहिला जोड गावच्या चर्मकाराकडूनच शिवून घेतला होता. आपल्या तालुक्यांतही चामड्याचे काम जाणणारे कुशल हात आहेत. दहा-वीस शेतकऱ्यांनी एकत्र येऊन चांगले रबरी तळ मिळवावे, अशा कारागिराकडून चार-पाच जोड करवावे आणि ते एक पावसाळा वापरून पाहावे. टाके सुटले तर दोष स्पष्ट सांगावा, कारागिरास सुधारण्याची संधी व सुधारल्या कामाचे योग्य दाम द्यावे; मगच अधिक जोडांची मागणी करावी. पहिल्या १०० पैकी ९० जोड परत आले, त्या फजितीतूनच शंभर वर्षे टिकणारा बूट निपजला, हे ध्यानी ठेवावे.

बियाणे, खते, अवजारे यांच्या खरेदीत आपण जी चिकित्सा दाखवितो, तिचा थोडासा अंश पावलांच्या वाट्यास आला तरी पुष्कळ रोग, पुष्कळ खर्च व काही प्राणही वाचतील. मृगाच्या सरी येण्यापूर्वी घरोघरी नांगर, कुळव, पाभर यांची डागडुजी होते. त्याच यादीत यंदा घरातील प्रत्येक कामकऱ्याच्या पादत्राणाचे नाव लिहावे, आणि त्यात घरच्या बायामाणसांस व रोजंदारीच्या मजुरांस वगळू नये, एवढीच वाचकांस विनंती आहे.